किरकोळ

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत मी वीस वर्षं कारकून.
डिझेलची कुपनं, बर्फाच्या लाद्या, जाळ्यांचं सूत,
आणि होडीच्या काठीवर बांधायचे दिवे,
सगळे एका कंपनीचे, एका खोक्यातले,
एकासारखा एक.

म्हणून रात्री बंदरावर उभी राहिले की
मला होड्या मोजता येतात, अंतरासकट.
ठळक तो जवळ, पाच वाव पाण्यात.
मिणमिणता तो पार दीपगृहाच्या खडकांपलीकडे.
सहसा चुकत नाही.
परके एलईडीवाले सोडून.
त्यांचा उजेड खोटं बोलतो
आणि त्यांची नोंद माझ्याकडे नाही.

गौरेशला हे सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबला.
धाकट्या बहिणीचा मुलगा.
पुण्यात दुर्बिणीचे आकडे चाळतो, जत्रेला आलेला.
म्हणाला, "मावशे, आमी तरी दुसरां काय करतंव?"

तारे फुटतात म्हणे, एका जातीचे.
फुटताना सगळे सारखेच पेटतात,
एकाच खोक्यातले.
फिका दिसला तर लांबचा. एवढंच शास्त्र.
मग एका साली मोजले,
तर लांबचे सगळे जरा जास्तच फिके निघाले.
असायला हवे होते त्याच्याही पलीकडे.

आधी त्यांनीही धुक्याला दोष दिला,
आमच्या तांडेलांसारखा.
धुकं नव्हतं.
बेरीज पुन्हा केली. बेरीज बरोबर होती.

वर भिरकावलेला नारळ
मंदावतो, थांबतो, डोक्यात पडतो,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
हा मंदावला होता, बराच काळ.
मग माडाच्या शेंड्यावर गेला
आणि तिथून त्यानं वेग घेतला.

"कोण ढकलता?"
"कोणाक म्हायत."
मग बोटं चाटत, "आणि होडये पळणत नाय, मावशे.
वल्ह्याक कोणाचो हात नाय.
मधलां पाणीच वाढता."

भरती मला कळते. सुकती कळते.
ते पाणी कुठून तरी येतं, कुठे तरी जातं,
पंचांगात वेळ असते त्याची.
हे कुठूनच येत नाही.
जितकी जागा होते तितका रेटा,
जितका रेटा तितकी जागा.

नाव दिलंय त्याला, कृष्णऊर्जा.
ऐकून क्षणभर बरं वाटलं, ओळखीचं कोणीतरी असेल.
पण ते नुसतं खोक्यावरचं लेबल.
खोकं अजून कोणी उघडलेलं नाही.

माझ्याच पेनानं, बर्फाच्या पावतीमागे
त्यानं हिशेब मांडला.
शंभरातले पाच रुपये आपण:
बांगडे, माणसं, दीपगृह, चांदण्या, सगळं धरून.
सत्तावीस कसलंसं वजन, दिसत नाही पण ओढतं.
उरले अडुसष्ट.

"ते खंय टाकलास?"
"इतर."

एकदा मी साडेअकरा रुपये किरकोळमध्ये टाकले होते.
ओरोसहून आलेल्या ऑडिटरनं
लाल शाईत लिहिलं होतं, खुलासा करावा.
तीन पत्रं गेली त्यावर.

रात्री परत बंदरावर गेलो दोघं.
दिवे होते, विखुरलेले.
तो म्हणाला, एक वेळ येईल,
लांबच्यांचा उजेड निघेल पण पोचणार नाही कधीच.
तेव्हा जो कोणी काठावर उभा असेल
त्याला फक्त स्वतःची वाडी दिसेल.
तो प्रामाणिकपणे लिहील, पाण्यात दुसरं कोणी नाही.
आणि त्याची वही
पैशापैशानं जुळेल.

मी काही बोलले नाही.
वारा खारा होता, चष्मा पुसावा लागत होता.

पहाटे होड्या आल्या.
एकवीस गेल्या, एकवीस आल्या.
बांगडा बरा होता, सुरमई नव्हतीच.
बर्फ कमी पडला, त्यावरून थोडी बोलाचाली.

ती पावती मी फाईलला लावलीय,
मागची बाजू वर करून.
मार्चमध्ये ऑडिट आहे.